बिनआवाजाचा ग्लास

टेबल बसलं, म्हणजे टेबलावर पाहुणे येऊन बसले, की दोन मिनिटांच्या आत तिथे पोहोचायचं, हा आम्हा वेटरांचा नियम. बाहेरच्यांना वाटतं, लोक भुकेले असतात म्हणून. तसं नाही. बसल्यावर माणूस एकदा मान वर करून कुणी येतंय का बघतो. ती मान दुसऱ्यांदा वर व्हायच्या आत आपण दिसायला हवं. हात भरलेले असले तर नुसती नजर द्यायची, मान हलवायची. तेवढ्यावरही लोक निवांत थांबतात.

त्या रात्री होस्टेसने, म्हणजे दारातून पाहुण्यांना टेबलापर्यंत नेणारीने, माझ्या सेक्शनला, माझ्याकडच्या टेबलांवर, एकदम तीन टेबलं बसवली. (नेहमीचंच. थोडं अंतर ठेवून बसवली तर तिचं काय जातं, देव जाणे.) चार नंबरवर दोघी मैत्रिणी. मी लांबूनच हसून मान हलवली. एक हसली, दुसरी समोर बघत राहिली. म्हटलं, रागात असतील.

पाणी घेऊन गेलो. ग्लास ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही: उजव्या बाजूने, बुडाखाली करंगळी, की काच वाजत नाही आणि पाहुण्यांचं बोलणं तुटत नाही. नव्या पोरांना मीच शिकवतो. तर तसा ठेवलेला ग्लास त्या बाईंचा हात लागून आडवा झाला. पाणी मेनूवर, मांडीवर, आणि खुर्चीखाली घडी करून ठेवलेल्या पांढऱ्या काठीवर.

काठी मला तेव्हा दिसली.

गडबडून मी मैत्रिणीला विचारलं, "मॅडमना दुसरं पाणी आणू का?"

"मला विचारा की," मॅडम म्हणाल्या. आवाज शांत होता, म्हणून जास्तच लागला.

मग मैत्रीण हात धुवायला उठली. मॅडम काय घ्यायचं याचा विचार करत होत्या, तेवढ्यात सहा नंबरवरून हात वर झाला आणि मी हळूच सटकलो. परत आलो तर त्या हसत होत्या. "जाताना सांगून जात जा हो. अर्धी ऑर्डर मी हवेला दिली."

आम्हा वेटरांवरच्या कॅप्टनचं म्हणणं, मॅडमनी बसतानाच सांगायला हवं होतं. कॅप्टनला चूक कायम पाहुण्याचीच दिसते. होस्टेसने त्यांना टेबलापर्यंत आणलं, काठी तिने पाहिलीच असणार. मला एक शब्द नाही.

पण मी तरी काय केलं होतं? हसणं, नजर, मान, उघडून पुढे धरलेला मेनू, सगळं डोळ्यांसाठी. कानासाठी एक 'नमस्कार', तोही त्या गर्दीत मी गिळला होता. आणि ज्या ग्लासाचा मला एवढा तोरा, तो थोडा वाजला असता तर सांडला नसता.

आता मी ठेवताना बोलतो. काल एका गृहस्थांना म्हणालो, "पाणी ठेवतोय, तुमच्या उजव्या हाताला."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "दिसतंय मला," म्हणाले.