कोर्स इंग्रजीत आहे, मग जर्मन कशाला?

‘मास्टर्स इंग्रजीतून आहे, तरी जर्मनीत पोचल्यावर जर्मन लागतं का? आणि लागत असेल तर सुरुवात कुठून करायची?’ व्हिसा हातात पडला की हा प्रश्न येतोच. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

लेक्चरला लागत नाही. बाकी जवळजवळ सगळीकडे लागतं, फक्त ते पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या धड्यातलं नसतं. आपले छंद सांगायची वेळ लवकर येत नाही. नाव, आकडे आणि वेळ सांगायची वेळ पहिल्याच दिवशी येते.

पहिलं काम आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांच्या आत ती ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या सरकारी कार्यालयात, करायची असते. नुसता भाडेकरार पुरत नाही, घरमालकाच्या सहीचं ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’, म्हणजे तुम्ही तिथे राहायला आल्याचं पत्र, लागतं. मोठ्या शहरांत टेर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, इतक्या लवकर मिळेलच असं नाही, तेव्हा घर पक्कं होताच ती घ्या आणि बुकिंगची प्रत जपून ठेवा. नोंदणीनंतर 11 आकडी टॅक्स नंबर पोस्टाने येतो. गाडी अडते ती इथे. पत्रपेटीवर तुमचं नाव नसेल तर पत्र परत जातं. विम्याचं कार्ड आणि बरेचदा बँकेचं कार्ड व पिनसुद्धा त्याच पेटीत येतात, म्हणून सामान लावायच्या आधी पेटीवर आणि घंटीवर नाव लावा, पासपोर्टवर आहे तसंच.

आता अक्षरं. काउंटरवर नावाचं स्पेलिंग विचारतात आणि आपण सवयीने इंग्रजी अक्षरं म्हणतो. आपण ‘ई’ म्हटलं की समोरचा आय लिहितो, ‘ए’ म्हटलं की ई लिहितो. देशपांडे आडनाव मग कागदावर ‘डिश्पेंडी’ होऊन बसतं, आणि ते दुरुस्त करायला पुन्हा टेर्मिन! जर्मन स्वर आपलेच आहेत: आ, ए, ई, ओ, ऊ. व्यंजनांपैकी चारपाच वेगळी घोका. जे म्हणजे योट, व्ही म्हणजे फाउ, डब्ल्यू म्हणजे वे, वाय म्हणजे युप्सिलॉन, झेड म्हणजे त्सेट. ईमेलचा पत्ता फोनवर सांगता येईपर्यंत सराव करा.

आकड्यांत इंग्रजी मधे आणलंत तर फसाल. 47 ला जर्मनमध्ये ‘झीबन उंट फिअर्त्सिश’ म्हणतात, आधी सात मग चाळीस, अगदी सत्तेचाळीससारखं. फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोडीने सांगितला की इंग्रजीतून ऐकणारा 74 लिहून मोकळा होतो. वेळेचं मात्र सांभाळा. ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे साडेआठ नाही, साडेसात. आठकडे जाताना अर्धा तास झालाय असा तो हिशोब. पूर्वेकडच्या आणि दक्षिणेच्या काही भागांत ‘द्रायफिअर्टेल आख्ट’ ऐकू येईल, ते सरळ आपलं पावणेआठ. पण तिथेच कुणी ‘फिअर्टेल आख्ट’ म्हणालं तर सव्वासात समजायचं. शंका असली तर 19:45 असं चोवीस तासांच्या घड्याळाने विचारा.

व्याकरणाबद्दल माझं मत ठाम आहे: पुस्तक इंग्रजीतलं असलं तरी डोक्यात मराठी ठेवा. ‘मला थंडी वाजतेय’ हे ‘मिअर इस्ट काल्ट’, म्हणजे ‘मी’ नाही, ‘मला’. ‘मला आवडतं’ तसंच, ‘मिअर गेफेल्ट एस’. इंग्रजीतून येणारे इथे ‘इश’, म्हणजे ‘मी’, घालतात आणि वाक्य बिघडतं. ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ आणि ‘दास’ म्हणजे ‘की’. या शब्दांनंतर क्रियापद शेवटी जातं, ते आपल्याला नवं नाही. लिंगं तीन, तीही सवयीची, पण कुठल्या शब्दाला कुठलं लिंग ते आपल्यावरून ठरवू नका. तिकडे सूर्य ती आणि चंद्र तो. त्यातल्या त्यात ‘-उंग’ने संपणारी नामं जवळजवळ सगळी स्त्रीलिंगी. आन्मेल्डुंग, नोटिशीचं क्युंडिगुंग, बिलाचं रेश्नुंग, विम्याचं फेर्झिशरुंग: सरकारी कागदांतल्या बऱ्याच शब्दांची ‘डी’, म्हणजे स्त्रीलिंगी नामाआधी लागणारा शब्द, अशी फुकटात मिळते.

पत्रांत आधी ‘फ्रिस्ट’ शोधा, म्हणजे मुदत. ‘मानुंग’ दिसलं तर पैसे भरायचे राहिलेत असं समजा. नोंदणीनंतर काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं, त्याला फसवणूक समजून फेकू नका. ते घरटी असतं, त्यामुळे फ्लॅटमधलं कुणी आधीच भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवायचा. स्टेशनवर घोषणेचा शेवटचा शब्द ऐका. ‘फेल्ट हॉयटं आउस’ मधलं ‘आउस’ निसटलं तर रद्द झालेल्या गाडीची वाट बघत बसाल.

‘दू’ आणि ‘झी’ म्हणजे तू आणि तुम्ही, पण वयाचा हिशोब आपल्यासारखा नाही. वर्गातल्या पस्तिशीच्या माणसाला ‘दू’च, ऑफिसातल्या विशीतल्या मुलीला ‘झी’.

क्लासची निवड शेवटी सांगतो, पण चौकशी आधी करा. विद्यापीठाच्या भाषा केंद्रातल्या जागा सत्र सुरू होताच भरतात. पातळी ठरवायची चाचणी, ‘आइनश्टुफुंग्सटेस्ट’, बहुधा त्याआधी असते. तिथे जागा मिळाली नाही तर गावातलं फोल्क्सहोख्शूल, म्हणजे प्रौढशिक्षणाचं केंद्र, बघा, संध्याकाळचे वर्ग असतात आणि फीही खाजगी शाळांपेक्षा बहुधा कमी. चाचणीत उत्तरं ठोकून वरच्या वर्गात शिरू नका. पुण्या-मुंबईत ए टू, म्हणजे सुरुवातीची दुसरी पातळी, करून आलेल्यांचं वाचन बरं असतं आणि कान कच्चे असतात, म्हणून तीच पातळी पुन्हा केली तरी वेळ वाया जात नाही.