अनुदानाचा अर्ज आधी पूर्ण दिसला पाहिजे

संशोधन प्रकल्पासाठी अनुदान मागण्याचे काम आता जवळजवळ सर्वत्र पोर्टलवरून होते, आणि त्याविषयी माझी मुख्य तक्रार सर्व्हरच्या संथपणाची नाही. शेवटच्या दिवशी सर्व्हर बसणार हे आपण सर्वांनीच गृहीत धरले आहे. माझी तक्रार अशी की, अर्जात नेमके काय काय विचारले जाणार आहे हे अर्ज भरत गेल्याशिवाय कळत नाही. पहिले पान भरून जतन केल्याखेरीज दुसरे उघडत नाही, तिसऱ्या पानावरचा तारांकित रकाना रिकामा राहिला तर चौथे दिसत नाही, आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर ठरावीक नमुन्यातले, लेटरहेडवरचे, प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र मागितले जाते. छापील अर्जाची सगळी पाने निदान टेबलावर पसरता येत असत, आणि कोणाकोणाच्या सह्या लागतील याचा अंदाज पहिल्याच दिवशी येत असे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. माझे काम सड्यावरचे, म्हणजे कोकणातल्या कातळी पठारावरचे आहे. जांभ्या कातळावर पावसाळ्यात जी वनस्पतिसृष्टी उगवते, म्हणजे सीतेची आसवे, दवबिंदू, गेंद वगैरे, तिची नोंद पावसाळ्यातच करावी लागते, कारण पुढे ऊन तापले की कातळ पुन्हा उघडा पडतो. त्यामुळे एखादा प्रस्ताव तांत्रिक कारणाने राहिला तर आमचा एक अख्खा हंगाम जातो. हे सांगितले ते एवढ्यासाठी की, ‘पुढच्या वेळी भरा’ हे मदतकक्षाचे ठरलेले उत्तर ऐकताना त्याची किंमत काय असते हे लक्षात यावे.

पोर्टलची रचना पाहिली की ती कोणाला डोळ्यांसमोर ठेवून केली आहे हे उघड होते. अर्जदाराचे लॉगिन वेगळे, संस्थाप्रमुखांचे वेगळे, वित्त अधिकाऱ्याचे वेगळे, आणि प्रत्येकाने आपापल्या टप्प्यावर मान्यता द्यायची. आयआयटी मुंबईसारख्या संस्थेत हे सहज जमते, कारण तिथे अशा प्रकल्पांची कामे पाहण्यासाठी आयआरसीसी नावाचे स्वतंत्र केंद्रच आहे. आमच्याकडे शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे अर्ज, पगारबिले आणि विद्यापीठाशी होणारा पत्रव्यवहार पाहणारे हेडक्लार्कच वेळ मिळेल तसे पोर्टलही पाहतात. तिन्ही लॉगिन एकाच संगणकावरून उघडली जातात, ओटीपी मात्र ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर जातो, आणि खरी अडचण तिथेच येते.

एका प्रस्तावाच्या वेळी संस्थाप्रमुखांची मान्यता तेवढी राहिली होती. प्राचार्य बैठकीसाठी कोकण रेल्वेने मुंबईला निघाले होते. रत्नागिरी सोडून गाडी उत्तरेकडे निघाली की भोके आणि उक्षी यांच्यामध्ये करबुडेचा बोगदा लागतो. तो सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे, आणि त्याच्या पुढेही बोगद्यांची रांग आहेच. ओटीपीची मुदत दहा मिनिटांची होती. कार्यालयातून हेडक्लार्क फोनवर विचारत होते, “सर, आला काय?” आणि पलीकडून अर्धे वाक्य ऐकू येऊन फोन कटत होता. गाडी उजेडात आली आणि मेसेज एकदम येऊन पडले, तेव्हा त्यांतला शेवटचा कोणता हे ठरवण्यातच एकाची मुदत संपली. चिपळूणला गाडी थांबली तेव्हा कुठे काम झाले. हा प्रसंग आम्ही आता हसत सांगतो. पण मान्यतेचा अधिकार संस्थेतल्या दुसऱ्या एखाद्या जबाबदार व्यक्तीकडे तात्पुरता सोपवण्याची सोय त्या पोर्टलवर असती तर त्याची वेळच आली नसती. उपप्राचार्यांची सही कागदावर चालते, मग पोर्टलवर का चालू नये?

अक्षरमर्यादेविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही. विज्ञानाचे प्रस्ताव बहुधा इंग्रजीतच जातात. पण मराठी, इतिहास, लोकसाहित्य या विषयांतले सहकारी मराठीतही लिहितात, आणि कधीकधी आम्हालाही सर्वसामान्यांसाठी मराठीत सारांश द्यावा लागतो. रकान्याखाली ‘कमाल ३००० वर्ण’ असे लिहिलेले असते. आता ‘क्षेत्र’ हा शब्द वाचणाऱ्याला दोन अक्षरांचा वाटतो. पण युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर सर्व लिप्या लिहिण्याच्या प्रमाण पद्धतीच्या हिशेबात क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र असे त्याचे सात वर्ण होतात. पोर्टल वर्णांऐवजी बाइट, म्हणजे संगणकातल्या साठवणीच्या जागा, मोजत असेल तर युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटांचा असल्यामुळे हाच शब्द एकवीस जागा खातो. म्हणजे तीन हजारांच्या रकान्यात मराठी मजकूर सुमारे एक हजार वर्णांवर अडतो, आणि मजकूर का कापला गेला हे कोणीही सांगत नाही. त्यात जुन्या फाँटची भर पडते. आमच्या कार्यालयातला बराच मजकूर अजून श्रीलिपीत किंवा सुरेखमध्ये टाइप केलेला आहे. तो उचलून पोर्टलवर डकवला की पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. मग सगळे नव्याने युनिकोडमध्ये टाइप करायचे.

इंग्रजी मजकुराचीही फार वेगळी स्थिती नाही. वनस्पतीचे शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरांत लिहिण्याचा संकेत आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून शिकवतो आणि पोर्टलचा साधा रकाना तो पुसून टाकतो. टक्क्याचे चिन्ह किंवा ‘आणि’साठीचे इंग्रजी चिन्ह काही ठिकाणी चालत नाही, लाल अक्षरांत ‘अवैध वर्ण’ एवढेच येते, आणि दोन पानांच्या मजकुरातला अवैध वर्ण कोणता हे आपण शोधायचे. पीडीएफच्या आकारमर्यादेविषयी तर लिहीतच नाही. सहीशिक्क्याचा कागद स्कॅन करून इतका लहान करावा लागतो की शिक्क्यावरचे नाव वाचता येऊ नये.

कागदाचा काळ चांगला होता असे मात्र मी म्हणणार नाही. प्रस्तावाच्या अनेक प्रती काढायच्या, स्पायरल बायंडिंग करायचे, स्पीड पोस्टाने दिल्लीला पाठवायचे आणि पुढे महिनोन्‌महिने काहीही कळायचे नाही. आज प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे हे घरबसल्या दिसते, आणि ही सोय लहान नाही. काही ठिकाणी पोर्टलवर भरूनही छापील प्रत मागवली जाते. ती कशासाठी, हे मला आजवर समजलेले नाही.

हे सारे दुखणे आपल्याकडचेच आहे असेही नाही. अमेरिकेच्या सरकारी अनुदानांसाठीच्या ग्रँट्स-डॉट-गव्ह या संकेतस्थळाचे सुरुवातीचे अर्ज प्युअरएज नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरावे लागत आणि ते मॅक संगणकावर थेट चालतच नसे. २००९ मध्ये मंदीवरच्या उपायांचा कायदा झाला, अर्जांचा लोंढा अपेक्षित होता, आणि ही यंत्रणा तो भार पेलणार नाही हे ओळखून तिथल्या सरकारने मार्चमध्ये खात्यांना पर्यायी मार्गाने अर्ज घेण्याची मुभा दिली. पण तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, ठेवलेल्या दोन-तीन सोयी आपल्याकडे घेण्यासारख्या आहेत. अर्ज त्रुटीविना दाखल झाला की तो एकसंध स्वरूपात कसा दिसतो हे तपासायला अर्जदाराला कामकाजाचे दोन दिवस मिळतात. मुदत अर्जदार संस्थेच्या स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी पाचची असते. आणि नैसर्गिक आपत्तीमुळे संस्था बंद असेल तर उशिरा आलेल्या अर्जाचा विचार केला जातो.

ही शेवटची सोय कोकणात चैनीची म्हणता येणार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि दापोली-मंडणगड भागातल्या कित्येक गावांत त्यानंतर अनेक दिवस लाईट नव्हती. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. एरवीच्या पावसाळ्यातही झाड पडून तार तुटणे, लाईटबरोबर मोबाईलची रेंज जाणे हे आमच्या नित्याचेच आहे. आपल्याकडे मुदतवाढ मिळते ती सर्वांना आणि बहुधा शेवटच्या क्षणी. एका तालुक्यापुरती अडचण असेल तर ती कळवायला पोर्टलवर रकानाच नसतो.

२०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले आणि आधीचे एसईआरबी, म्हणजे संशोधनाला अनुदान देणारे केंद्राचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, त्यात विलीन झाले. राज्य विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्यापर्यंत संशोधन पोहोचवण्याचा उद्देश त्या वेळी वारंवार सांगितला गेला. तो उद्देश मला मान्य आहे, आणि म्हणूनच देशातल्या सर्व अनुदान संस्थांकडे माझी पहिली मागणी अगदी साधी आहे: प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिरातीसोबतच संपूर्ण अर्जाचा नमुना, प्रत्येक रकान्याच्या मर्यादेसह आणि प्रत्येक प्रमाणपत्राच्या मसुद्यासह, एका पीडीएफमध्ये द्यावा. यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. ज्या पानावर जाहिरात चढवतात त्याच पानावर आणखी एक फाइल चढवायची आहे. ती मिळेपर्यंत आमच्या विभागात आम्ही आमचीच सोय केली आहे. ज्याने एखाद्या पोर्टलवर अर्ज भरला त्याने प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्यायचा, प्रश्न वर्डमध्ये युनिकोडमध्ये उतरवायचे आणि फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवायची. शेजारच्या दोन महाविद्यालयांतले प्राध्यापकही आता ती मागून नेतात, आणि हेडक्लार्क त्यातली प्रमाणपत्रे प्राचार्य गावात असतानाच सह्या घेऊन तयार ठेवतात.