केटाला माझं नाव अबला ठेवलं

घानातल्या सोगाकोपेचा पूल ओलांडला, खाली व्होल्टा नदी, पुलाच्या तोंडाशी डोक्यावर घमेली घेतलेल्या बायका गाडीच्या काचेला चिकटलेल्या, आम्ही त्यांच्याकडून आबोलो घेतलं (मक्याच्या पिठाचं वाफवलेलं, थोडं गोडसर, इडलीची लांबची मावशी म्हणा) आणि सोबत बोटाएवढे तळलेले मासे, आणि ते चावत चावत पुढे निघालो तर समोर एका पत्र्याच्या दुकानावर पिवळ्या अक्षरात माऊली. म्हणजे इंग्रजीत एम ए डब्ल्यू यू एल आय, पण माझ्या डोक्याने ते सरळ माऊलीच वाचलं. दुकानात सिमेंटची पोती आणि सळया. मी नवऱ्याला कोपर मारून उठवलं, अरे हे बघ, इथे कोण वारकरी निघाला!

ड्रायव्हरला मी सकाळपासून दादा म्हणत होते आणि तो दरवेळी हसत होता, का ते आत्ता कळलं. एवे, म्हणजे इथल्या लोकांच्या भाषेत दादा म्हणजे आई. दोन तास मी एका मिशीवाल्या माणसाला "आई, जरा एसी वाढवा ना" म्हणत होते. मोठ्या भावाला एफो म्हणायचं असतं. आणि दुकानाच्या पाटीचं त्याने सांगितलं ते असं की ते मावुली, मावु म्हणजे देव आणि ली म्हणजे आहे. देव आहे. बस, एवढंच, पूर्ण वाक्य, आणि ते माणसाचं नाव असतं. उत्तरेला 'हो' नावाच्या शहरात १९५० साली निघालेली एक जुनी नावाजलेली शाळा आहे, तिचंही नाव मावुलीच. आपल्या माऊलीशी याचा काही संबंध नाही हो, उगाच कोणी व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, पण आळंदीला जाऊन आलेल्या माणसाला ते वाचून बरं वाटतं हे मात्र खरं.

नवऱ्याचं काम टेमाला, अक्राच्या शेजारचं बंदर, मी दोन महिने त्याच्याकडे राहायला गेले होते आणि घानाचा पूर्वेकडचा कोपरा बघायचा म्हणून आम्ही केटाला चार दिवस काढले. केटा म्हणजे वाळूचं डोकं, गावांची नावंसुद्धा अशी उलगडतात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडीसारखं प्रचंड मोठं लगून, मधे वाळूची पट्टी आणि तिच्यावर गाव. समुद्राने अर्धं जुनं गाव खाल्लंय. डॅनिश लोकांनी १७८४ साली बांधलेला किल्ला आहे, प्रिन्झेनस्टाइन, त्याचाही बराच भाग लाटांनी नेला, उरलेल्या भिंतीतून गुलामांच्या कोठड्या दिसतात. तिथे फार वेळ थांबवलं नाही मला.

तर मुद्दा नावांचा. आम्ही उतरलो होतो त्या गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंचे वडील निवृत्त शिक्षक, ऐंशीच्या पुढचे, पायजम्यासारखं काहीतरी आणि बनियन, अंगणात खुर्ची टाकून रेडिओ ऐकत बसायचे. मी त्यांना मनातल्या मनात गुरुजीच म्हणायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं तुझा जन्म कुठल्या वारचा. मला कुठे माहीत! तारीख माहिती, जन्मवेळ पत्रिकेत आहे, वार कोण लक्षात ठेवतं. गुरुजींना हे फारच विचित्र वाटलं, म्हणजे जसं मी माझं आडनाव विसरले असं काहीतरी.

मग साताऱ्याला आईला फोन. घानाची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, इथे सकाळचे नऊ म्हणजे तिकडे दुपारचे अडीच, आईची झोपायची वेळ, ती वैतागूनच बोलली. "मंगळवार. अंगारकी होती त्या दिवशी. दवाखान्यात सगळ्यांचे उपास, तुझी आज्जी साबुदाण्याची खिचडी घेऊन आलेली. का गं, आता कुठला ज्योतिषी भेटला तुला?"

मंगळवार म्हटल्यावर गुरुजी खूश. "मग तू आब्ला!"

मी हसायचं की रडायचं. शिकलीसवरलेली बाई आठ हजार किलोमीटर उडून येते आणि तिचं नाव ठेवतात अबला. मी त्यांना सांगितलं की आमच्या भाषेत याचा अर्थ बिचारी, बिनताकदीची बाई. त्यांनी आत बघून हाक मारली आणि बाहेर आली त्यांची मासळीवाली, अगदी आडदांड, डोक्यावर माशांचं घमेलं, पाठीला फडक्यात बांधलेलं पोर. हीसुद्धा आब्ला, म्हणाले. बघ कोण बिचारी दिसतंय का.

प्रत्येक वाराला मुलाचं एक आणि मुलीचं एक नाव ठरलेलं. मंगळवारचा मुलगा कोमला, सोमवारचा कोजो आणि मुलगी आजो, बुधवारचे कोकु आणि आकु, शुक्रवारचा कोफी. कोफी आपल्याला माहितीये, युनोचे कोफी अन्नान, त्यांचा जन्म ८ एप्रिल १९३८, शुक्रवार, ते एवे नव्हते, पण ही पद्धत शेजारच्या अकान लोकांतही आहे आणि काही नावं दोन्हीकडे सारखी. मग रात्री नवरा आणि मी फोनवर कॅलेंडर काढून खेळत बसलो. भारत १५ ऑगस्ट १९४७, शुक्रवार, म्हणजे भारत कोफी. घाना ६ मार्च १९५७ बुधवार, शेजारचा टोगो २७ एप्रिल १९६० तोही बुधवार, दोघं भाऊ कोकु. महाराष्ट्र १ मे १९६० निघाला रविवारचा, म्हणजे कोसी. असले उद्योग लाइट गेल्यावर सुचतात.

आपल्याकडेही हे आहेच की. पालघर, डहाणूकडे वारली पाड्यांवर सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या अशी नावं असतात. शहरात आलो आणि आपण ते गावंढळ म्हणून टाकून दिलं. इथे मात्र बँकेच्या मॅनेजरच्या टेबलावरच्या पाटीवर पण कोजो.

पण वाराचं नाव म्हणजे नुसतं हजेरीपटावरचं, गुरुजींच्या मते खरं नाव दुसरंच, जे आईबाप विचार करून ठेवतात, आणि त्यात घरात तेव्हा काय चाललं होतं ते सगळं कळतं. फार वर्षांनी मूल झालं तर एसिनाम, त्याने म्हणजे देवाने माझं ऐकलं. संकटातून सुटले तर एदेम, त्याने मला सोडवलं. आकपेने, आभार. आग्बेन्येगा, जगणं हीच मोठी गोष्ट, हे नाव ऐकलं की घरात आधी काहीतरी वाईट झालेलं असणार हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना न सांगता कळतं. आणि मला सगळ्यात आवडलं ते जिफा. जि म्हणजे काळीज, फा म्हणजे गार होणे. काळीज निवलं. मुलीचं नाव. आपण नाही का म्हणत पोरीला बघून जीव गार झाला, डोळे निवले, ते त्यांनी सरळ जन्मदाखल्यावर लिहून टाकलंय.

जगण्यावरून आठवलं, कसाव्याच्या कंदाला तिथे आग्बेली म्हणतात. आग्बे म्हणजे जीव, ली म्हणजे तोच मावुलीतला ली. जीव आहे. आणि साबुदाणा कशाचा बनतो? त्याच कसाव्याच्या स्टार्चचा. माझ्या जन्माच्या दिवशी आज्जी दवाखान्यात डबा भरून आग्बेलीच घेऊन आली होती की! हे मी गुरुजींना सांगितलं तर ते जागेवरून उठून आत गेले आणि मुलीला म्हणाले हिला आग्बेली काक्लो करून घाल. किसलेल्या कसाव्याचे तळलेले गोळे, ओल्या खोबऱ्याच्या तुकड्यांबरोबर खायचे. साबुदाणावड्याची आठवण आली नसती तरच नवल, दही तेवढं नव्हतं.

उच्चारात मी भाव खाऊन गेले. एवे भाषेत द वेगळा आणि ड वेगळा, युरोपियन पाहुण्यांना तो ड जमत नाही, आपल्याला काय, आपण डबा, डाळ, डोकं करतच मोठे झालो. एवेमधला व सुद्धा दातांनी ओठ न चावता म्हणायचा, आपल्या वरणातल्या व सारखा. गुरुजींनी टाळी वाजवली. मग क्प आणि ग्ब हे उच्चार आले, क आणि प एकाच वेळी तोंडातून काढायचे, तिथे माझी पार वाट लागली. आणि सूर! शब्द वर म्हटला की एक अर्थ, खाली म्हटला की दुसरा. आपण मराठी माणसं सगळं एका सपाट सुरात बोलतो, भांडण सोडून.

तिसऱ्या दिवशी आन्लोगाला गेलो. वाळूत आखलेले छोटे छोटे वाफे, त्यात लहान कांदा, आणि बायका-पुरुष वाकून पाणी घालतायत, मैलभर तेच दृश्य. इथे नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी होग्बेत्सोत्सो नावाचा सण भरतो, आमचा तो हुकला. त्यामागची गोष्ट एवे लोकांच्या पूर्वजांची, ते राहायचे त्या टोगोतल्या नोत्से गावाला तटबंदी होती, राजा आगोकोली जुलमी, बायकांनी रोज धुण्याभांड्याचं पाणी भिंतीच्या एकाच जागी ओतून ती मऊ केली आणि सगळे रातोरात पळाले, तेही उलटे चालत, म्हणजे पावलांचे ठसे गावात शिरल्यासारखे दिसावेत. धुण्याभांड्याच्या पाण्याने राज्य हरवलं ही गोष्ट मला शिवकालातल्या कुठल्याही गनिमी काव्याच्या तोडीची वाटली.

संध्याकाळी ताडीच्या गुत्त्यावर, गुत्ता म्हणजे झावळ्यांचं छप्पर आणि बाकडी, म्हाताऱ्यांचा अड्डा. मी बाई म्हणून लांब बसणार होते पण गुरुजींनी बसवलं. तिथे अहानोंको ऐकलं. म्हणजे प्यायच्या वेळचं नाव, जे माणूस स्वतःच स्वतःला लावून घेतो, एखादी म्हणच असते, एकाने अर्धी ओरडायची आणि ज्याची आहे त्याने छाती काढून पुढची पूर्ण करायची. मला पटकन उखाणा आठवला, फक्त उखाण्यात आपण दुसऱ्याचं नाव लाजत लाजत घेतो आणि हे म्हातारे स्वतःचं, ग्लास उंच धरून.

तिथेच मी विचारलं की वाईट नावं पण असतात का. सगळे जरा गप्प झाले. मग गुरुजी म्हणाले, असतात. ज्या बाईची मुलं एकामागून एक जातात, तिच्या पुढच्या मुलाला मुद्दाम घाण नाव देतात. आदुक्पो. म्हणजे उकिरडा. कोणाला गुलाम म्हणतात. गालावर छोटी चीर पण देतात. मरणाला वाटलं पाहिजे की हे टाकाऊ आहे, कशाला न्यायचं.

माझ्या अंगावर काटा आला. कारण माझ्या पणजोबांचं नाव धोंडू. त्यांच्या आधीची तीन भावंडं वर्षाच्या आतच गेली होती आणि चौथा झाला तेव्हा पणजीच्या सासूने नाव ठेवलं धोंडू, आणि मुलाचं नाक टोचलं, ते भोक त्यांना म्हातारपणापर्यंत होतं, मी बघितलंय, लहानपणी त्यात बोट घालायला जायचे. आमच्या गावात दगडू होते, केरू होते, विदर्भात तर चक्क उकर्डू असतात. उकिरडाच की तो! मी हे सगळं मोडक्या इंग्रजीत सांगत होते आणि गुरुजी ते एवेमध्ये बाकीच्यांना सांगत होते, आणि नाकाच्या भोकाचं सांगितल्यावर एका आजोबांनी काही न बोलता गाल माझ्याकडे केला. डोळ्याखाली बारीकशी जुनी खूण.

धोंडू किती जगले, त्यांनी विचारलं.

एक्क्याण्णव, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या ग्लासात ताडी ओतली. दोन घोट प्यायले मी, आईला सांगू नका.

शेवटच्या दिवशी आफ्लाओची सीमा ओलांडून लोमेला. सीमा म्हणजे गर्दी, धूळ, शिक्के, दोन तास उन्हात, पुढे काही नाही. पलीकडे माणसं तीच, भाषा तीच, फक्त स्पेलिंग फ्रेंच झालं. टोगोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एयादेमा, स्वतः एवे नव्हेत, त्यांनी १९७४ साली स्वतःचं एतिएन हे नाव टाकून ग्नासिंग्बे घेतलं आणि सगळ्या देशाला युरोपियन नावं सोडायला लावली. हुकूमशहाने सांगितलं म्हणून आपलं नाव परत घ्यायचं हा जरा कडूच घास. घानात तसा हुकूम नव्हता, तरी कोणी कोणी आपणहून बदललं. कवी कोफी आवूनोर सुरुवातीला जॉर्ज आवूनोर-विल्यम्स म्हणून छापत असत. आमच्या गुरुजींचंही एक जर्मन वळणाचं बाप्तिस्म्याचं नाव आहे, पेन्शनच्या कागदावर तेच, आणि ते घेताना ते असं तोंड करतात की जणू कारलं चावलं.

लोमेच्या बाजारात मी कापड बघत होते. भाव करणं चालू होतं, मराठी हातवारे सगळीकडे चालतात. मागून कोणीतरी जोरात हाक मारली, "आब्लावी!" वी म्हणजे लेकरू, लाडाने लावतात, हे गुरुजींनी सांगितलेलं. मी चटकन वळले. माझ्याबरोबर डोक्यावर पाण्याच्या पिशव्यांचं टोपलं घेतलेली दहाएक वर्षांची पोरगी पण वळली. हाक तिलाच होती, कोणालातरी पाणी पाहिजे होतं. ती दोन पिशव्या देऊन सुटे पैसे मोजत परत आली तेव्हा मी तिला स्वतःकडे बोट दाखवून म्हटलं, आब्ला. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, टोपलं सावरलं आणि विचारलं, पाणी घेणार का.