त्याला सज्जन करू नका

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमी साधारण असा असतो: ज्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही, अशा कॉमिकमधल्या एखाद्या अँटीहिरोवर, म्हणजे धड सज्जन नसलेल्या नायकावर, सिनेमा येणार म्हटलं की तुम्ही चाहते एवढे हरखता का, आणि आल्यावर एवढे चिडता का? तुम्हाला हवं तरी काय असतं? पानावर आहे तेच जसंच्या तसं पडद्यावर?

नाही. कपडे बदला, शहर बदला, केसांचा रंग बदला, माझी हरकत नाही. मला हवा असतो तो त्या माणसाचा अपराध. यातल्या बहुतेकांनी कधीतरी कुणाचं तरी वाटोळं केलेलं असतं, आणि ज्याचं केलं त्याचा काहीही दोष नसतो. त्यांची सगळी गोष्ट तिथून निघते. सिनेमा करणारे कात्री लावतात ती बरोबर तिथेच.

मॉर्बियस घ्या. अमेरिकेतल्या कॉमिक्सवर जी आचारसंहिता होती ती १९७१ मध्ये सैल झाली आणि व्हॅम्पायर दाखवायला मोकळीक मिळाली. त्याच वर्षी रॉय थॉमस आणि गिल केन यांनी स्पायडर-मॅनच्या मासिकात मॉर्बियसला आणलं. रक्ताच्या दुर्धर आजाराने खंगलेला शास्त्रज्ञ जहाजावर स्वतःवरच प्रयोग करतो, त्याचा राक्षस होतो, आणि पहिला बळी जातो एमिल निकोसचा. निकोस हा त्याचा मित्र. त्याला बरं करण्यासाठीच तो जहाजावर आलेला असतो. पुढच्या साऱ्या कथांमध्ये मॉर्बियस कितीही चांगला वागला तरी हे पुसलं जात नाही. २०२२ च्या सिनेमातही जहाज आहे, प्रयोग आहे, रक्त आहे. पण तिथे मरतात ते भाडोत्री बंदूकधारी, ज्यांच्यासाठी कुणाच्याही पोटात तुटत नाही. निकोस सिनेमात वडीलधारा डॉक्टर म्हणून येतो आणि त्याचा खून भलताच कुणी करतो. नायकाचे हात धुऊन स्वच्छ. मग उरतो तो एक आजारी, सुस्वभावी माणूस, ज्याला अधूनमधून तहान लागते. हा सिनेमा लोकांनी थट्टेचा विषय केला. त्याच वर्षी जूनमध्ये तो अमेरिकेत हजारेक चित्रपटगृहांत पुन्हा लावला गेला, तेव्हा जेमतेम तीन लाख डॉलरच्या आसपास कमाई झाली. थट्टेत मी कधी भाग घेतला नाही. मला वाईट वाटत होतं, कारण त्या मित्राच्या खुनात एक चांगला सिनेमा दडलेला होता.

जोना हेक्सचं तर याहून वाईट झालं. जॉन अल्बानो आणि टोनी डिझुनिगा यांनी १९७२ मध्ये तो आणला. अमेरिकेच्या यादवी युद्धात हरलेल्या बाजूचा गणवेश अजून अंगात, पैसे घेऊन माणसं पकडणारा किंवा मारणारा, आणि अर्धा चेहरा जळून विद्रूप झालेला. तो चेहरा कसा जळला, यातच त्याची सगळी गोष्ट आहे. लहानपणी बापाने त्याला अपाचे टोळीला विकलेलं असतं. तरुणपणी टोळीप्रमुखाच्या मुलाशी त्याचं द्वंद्व होतं. त्या मुलाने दगा करून हेक्सच्या कुऱ्हाडीत आधीच बिघाड करून ठेवलेला असतो, म्हणून हेक्स लपवलेला सुरा काढतो आणि त्याला ठार करतो. नियम मोडला म्हणून टोळीप्रमुख कुऱ्हाडीचं पातं तापवून त्याच्या गालावर टेकवतो. म्हणजे तो डाग अन्यायाचाही आहे आणि त्याच्या स्वतःच्या कृत्याचाही. किती धरायचा अन्याय आणि किती कृत्य, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. २०१० च्या सिनेमात काय केलं? खलनायक येतो, त्याच्या बायकामुलांना मारतो आणि तापलेल्या लोखंडाने त्याला डागतो. हेक्स निव्वळ सूड घेणारा माणूस होऊन बसला. वर त्याला मेलेल्यांशी बोलण्याची शक्ती दिली आणि देश वाचवण्याची कामगिरी. एक्क्याऐंशी मिनिटांचा सिनेमा. सुमारे पावणेपाच कोटी डॉलर खर्च झाले आणि एक कोटीच्या थोडं वर परत आले. जॉश ब्रोलिनचा चेहरा रंगवणाऱ्यांनी तो डाग अगदी मन लावून रंगवला होता, हे मला जास्त लागलं. कॉमिक त्यांनी पाहिलं होतं. तरी डागाचं कारण त्यांनी टाकून दिलं.

असं का होतं, ते मला कळतं. मोठा पैसा लागला की तो परत यायला मोठा प्रेक्षक लागतो, आणि मोठ्या प्रेक्षकाला नायक आवडलाच पाहिजे अशी भीती पैसा लावणाऱ्याला असते. मग लेखनाच्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी म्हणतं, इथे तो फार वाईट दिसतो. एकेक कोपरा घासला जातो. यात दुष्टावा कुणाचाच नसतो.

पण अनोळखी पात्राच्या बाबतीत याची किंमत फार मोठी असते, आणि आमच्या अधीरपणाचं खरं कारण हे आहे. बॅटमॅनचा एखादा सिनेमा फसला तर काही वर्षांनी दुसरा येतो, दुसरा नट, दुसरा दिग्दर्शक. हेक्सला एकदाच संधी मिळाली. जिमी पाल्मियोटी आणि जस्टिन ग्रे त्या काळात हेक्सचं उत्तम मासिक लिहीत होते. त्याचे सत्तर अंक निघाले, आणि त्यातल्या कितीतरी गोष्टी एका अंकात सुरू होऊन त्याच अंकात संपणाऱ्या. सिनेमानंतर मी ते कुणाच्या हातात द्यायला गेलो की ऐकू यायचं, "अरे, तो पडलेला सिनेमा ना?" एखाद्या पात्राशी बहुतेक जगाची पहिली ओळख सिनेमातून होते, आणि पुष्कळदा तीच शेवटची ठरते. म्हणून घोषणा झाल्या दिवसापासून आमचा जीव टांगणीला लागतो.

आता चाहत्यांबद्दलही बोलायला हवं, कारण आमची प्रत्येक मागणी योग्य असते असं नाही. कपड्यांवरून होणारी भांडणं मला कधी पटली नाहीत. व्हॅम्पायरांची शिकार करणारा ब्लेड १९७३ मध्ये ड्रॅक्युलाच्या मासिकात आला तेव्हा हिरवं जाकीट, पिवळसर चष्मा आणि लाकडी सुरे घेऊन आला होता. १९९८ च्या सिनेमात वेस्ली स्नाइप्सने काळा लांब कोट घातला, तलवार घेतली, आणि कॉमिकमध्ये नुसताच व्हॅम्पायरच्या चाव्याला न बधणारा माणूस होता तो इथे अर्धा व्हॅम्पायर झाला. एवढं बदलूनही तो ब्लेडच राहिला. उलट त्याला अधिक अवघड केलं गेलं: ज्यांचा द्वेष करतो त्यांचीच तहान आता त्याच्या अंगात होती. पुढे कॉमिकनेही सिनेमाचंच रूप उचललं. बदल करावा तर असा.

शिवाय मूळ म्हणजे कुठलं मूळ? गुन्हेगारांना स्वतःच मारत सुटणारा पनिशर १९७४ मध्ये पहिल्यांदा आला तो स्पायडर-मॅनच्या जिवावर उठलेला बंदूकबाज म्हणून. त्यानंतर कितीतरी हातांनी त्याला लिहिलं. कुणाच्या हाती तो शोकाकुल बाप आहे, कुणाच्या हाती सैनिक, कुणाच्या हाती निव्वळ मृत्यू. ज्याने जो पहिल्यांदा वाचला तो त्याचा खरा पनिशर. १९८९ च्या सिनेमात छातीवरची कवटी नव्हती म्हणून आजही लोक हळहळतात. २००८ च्या सिनेमात कवटी होती, रक्त तर भरपूर होतं, आणि तिकीट खिडकीवर तोही आपटला. रक्ताचा आग्रह धरणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं म्हणजे सिनेमा प्रौढ झाला असं होत नाही.

ज्या पात्राबद्दल मला सर्वात जास्त विचारलं जातं, आणि ज्याच्यावर माझं सर्वात जास्त प्रेम आहे, तो जॉन कॉन्स्टंटाइन. अ‍ॅलन मूर, स्टीव्ह बिसेट आणि जॉन टॉटलबेन यांनी १९८५ मध्ये दुसऱ्याच एका मासिकात त्याला आणलं. लिव्हरपूलचा, पिवळ्या केसांचा, चुरगळलेल्या कोटातला, सतत सिगारेट ओढणारा जादूगार. त्याचं मुख्य हत्यार म्हणजे जीभ. १९८८ पासून 'हेलब्लेझर' हे त्याचं स्वतंत्र मासिक सुरू झालं ते २०१३ मध्ये तीनशेव्या अंकापर्यंत चाललं, आणि त्या काळात तो वाचकांबरोबर खरोखर म्हातारा होत गेला. त्याचा अपराध असा: तरुणपणी, स्वतःच्या हुशारीच्या तोऱ्यात, न्यूकॅसलमध्ये तो एक भूत काढायला जातो. त्या भुतावर उतारा म्हणून मोठ्या सैतानाला बोलावतो, तो आवरत नाही, आणि आस्ट्रा नावाची लहान मुलगी नरकात ओढली जाते. त्यानंतर कॉन्स्टंटाइनने जे जे केलं, ते ते त्या मुलीच्या सावलीत केलं.

२००५ चा सिनेमा आला तेव्हा चाहत्यांनी आकाशपाताळ एक केलं. कियानू रीव्ह्ज, काळे केस, लॉस एंजेलिस! मला तेव्हाही त्या सिनेमात बरंच काही आवडलं होतं, आणि वर्षं गेली तसं इतरांनाही आवडायला लागलं. त्याचं कारण मला स्पष्ट दिसतं. त्यातला कॉन्स्टंटाइन लोकांना वाचवतो ते स्वर्गात जागा मिळावी म्हणून, आणि देवदूत त्याला हे तोंडावर सांगतो. स्वार्थ झाकलेला नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाची गोष्ट १९९१ च्या अंकांतून घेतली आहे. कॉमिकमध्ये तो आपला आत्मा नरकाच्या एकाहून अधिक मालकांना विकून ठेवतो. तो मेला तर त्यांच्यात युद्ध पेटेल, म्हणून त्यांना झक मारून त्याला बरं करावं लागतं. सिनेमात युक्ती वेगळी आहे, पण जात तीच: मरणाच्या दारात बसून सैतानाला गंडवणं. लिव्हरपूल गेलं तरी लबाडी राहिली, आणि लबाडी राहिली म्हणून माणूस राहिला.

तरीही माझं एक दुखणं आहेच. सिनेमात आस्ट्रा नाही. तिच्या जागी आहे लहान वयात, भलतंसलतं दिसतं म्हणून केलेला आत्महत्येचा प्रयत्न. त्याच पापासाठी तो नरकात जाणार असतो. हे पाप ऐकून आपल्याला त्याची कणव येते. आस्ट्राची गोष्ट ऐकून त्याचा राग येतो, आणि त्या रागासकट त्याच्या बाजूने उभं राहावं लागतं. हे दुसरं जास्त कठीण, आणि मला ते पाहायचं होतं. जवळपास तेवीस कोटी डॉलर मिळवणाऱ्या त्या सिनेमाने ते धाडस केलं असतं तर प्रेक्षक उठून गेले असते, असं मला अजिबात वाटत नाही.

जज ड्रेडचा अपराध वेगळ्या जातीचा आहे, म्हणून त्याचं वेगळं सांगतो. जॉन वॅगनर आणि कार्लोस एझ्केरा यांचा हा ब्रिटिश कॉमिकमधला पोलीस १९७७ चा. तोच पकडतो, तोच निकाल देतो, तोच मारतो. तो कायद्याशी प्रामाणिक आहे आणि कायदाच भयानक आहे. त्याचं शिरस्त्राण उतरत नाही, कारण आत कुणी एक माणूस आहे असं वाटताच कामा नये. १९९५ च्या सिनेमाने जियानी व्हर्साचे या फॅशन डिझायनरकडून पोशाख करून घेतला, शहर देखणं उभारलं, आणि थोड्याच वेळात सिल्व्हेस्टर स्टॅलोनचं शिरस्त्राण उतरवलं. नट एवढा मोठा, चेहरा दाखवल्याशिवाय कसं चालेल? २०१२ मध्ये कार्ल अर्बनने अख्ख्या सिनेमात पूर्ण चेहरा दाखवलाच नाही. हनुवटी आणि ओठ, बस. एक इमारत, एक दिवस, एक नवशिकी सहकारी. बदलते ती सहकारी. ड्रेड सकाळी होता तसाच संध्याकाळी असतो. मला विचाराल तर अनोळखी अँटीहिरोवरच्या सिनेमांत याच्याइतका नेमका दुसरा नाही. तरी तो चालला नाही. जगभरात मिळून सुमारे चार कोटी डॉलर. पुढचा भाग आला नाही.

म्हणून मी अपेक्षा ठेवताना पैशाचाही विचार करतो. आम्ही वाचक चित्रपटगृहं भरू शकत नाही, तेवढे आम्ही नाहीच. मग सिनेमा छोटा असू दे. डेडपूलचं २००९ मध्ये एका सिनेमात तोंडच शिवून टाकलं होतं, ज्या पात्राची सगळी ताकद बडबडीत त्याचं! पुढे २०१४ मध्ये चाचणीदाखल केलेलं चित्रण फुटलं, लोकांनी ते डोक्यावर घेतलं, आणि २०१६ मध्ये पाच कोटी ऐंशी लाख डॉलरमध्ये सिनेमा झाला. अशा सिनेमांच्या मानाने ती रक्कम लहान. मिळाले अठ्ठ्याहत्तर कोटी. प्रत्येकाचं असं होणार नाही, हे ड्रेडने दाखवलंच आहे. पण पैसा कमी असला की कोपरे घासणारे हातही कमी असतात.

आणि दुसऱ्या प्रसिद्ध नायकाची सावली नको. जाहिरातीत भिंतीवर स्पायडर-मॅन रंगवायचा आणि सिनेमात त्याचा पत्ता नाही, हे मॉर्बियसच्या वेळी झालं. ज्याच्यावर सिनेमा आहे तो पुरेसा वाटत नसेल तर करू नका.

तुमच्यापैकी काही जण पुढचा प्रश्नही विचारतात: असा एखादा सिनेमा यायच्या आधी काय वाचून ठेवावं? सगळं वाचायला जाऊ नका, दमाल आणि सोडून द्याल. त्या पात्राने ज्याचं नुकसान केलं त्याची गोष्ट कुठल्या अंकात आहे ते शोधा आणि तेवढा अंक वाचा. कॉन्स्टंटाइनच्या मासिकात न्यूकॅसलची हकीकत अकराव्या अंकात आहे, आणि कर्करोगाची गोष्ट एक्केचाळिसाव्या अंकापासून सुरू होते. मॉर्बियससाठी १९७१ चे ते स्पायडर-मॅनचे अंक पुरेसे आहेत. सिनेमाला जाताना एवढं हाताशी असलं की तो माणूस कुठे राहिला आणि कुठे गाळला गेला, ते तुमचं तुम्हालाच दिसेल. मग मला येऊन सांगा, मला ऐकायचं आहे.