“कसं काढलंस?” : शिक्षिका म्हणून माझं पहिलं वर्ष

शिक्षक प्रशिक्षणातल्या सराव पाठाला मागे निरीक्षक बसलेले असतात, त्यामुळे मुलंही शहाण्यासारखी वागतात. स्वतःचा वर्ग हातात आला की टाचण, हजेरी, वह्यांचे गठ्ठे, बदली तास, पालकांचे फोन असं सगळं एकदमच अंगावर येतं. सुरुवातीला माझा घसा कायम बसलेला असायचा. गोंगाट असताना सूचना द्यायचीच नाही, एका जागी उभं राहून वर्ग शांत होईपर्यंत थांबायचं, हे मला एका ज्येष्ठ बाईंनी सांगितलं. मुलांना त्याची सवय लागायला वेळ गेला, पण लागली.

सगळ्यात अवघड होतं ते मुलांना नक्की काय समजलंय हे कळणं. “समजलं का?” विचारलं की अख्खा वर्ग “हो” म्हणतो. वह्या तपासताना एका मुलीने ५२ वजा ३८ चं उत्तर २६ लिहिलेलं दिसलं. खालची उदाहरणंही त्याच पद्धतीची. फुली मारण्याआधी तिला जवळ बसवलं आणि विचारलं, “कसं काढलंस?”

“आठातून दोन गेले, सहा. पाचातून तीन गेले, दोन. मोठ्यातून लहान वजा करायचा ना, बाई?”

तिने स्वतःचा एक नियम केला होता आणि प्रत्येक उदाहरणात तो इमानेइतबारे पाळला होता. याला निष्काळजीपणा कसा म्हणायचा? दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या. दोनांतून आठ निघेनात, तेव्हा तिनेच एक गठ्ठा सोडला. सुट्या बारा झाल्या. उरलेल्या चौदा काड्या तिने दोनदा मोजल्या.

तोंडी प्रश्न विचारतानाही मला घाई असायची. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. वर्गापुढे उभं असताना हे तीन सेकंद संपता संपत नाहीत! मी मनात आकडे मोजत थांबू लागले, तसे मागच्या बाकांवरूनही हात वर यायला लागले.

भरभर सोडवून मोकळी बसणारी मुलं आणि अजून काड्या लागणारी मुलं एकाच तासात सांभाळणं मात्र अजून पुरतं जमलेलं नाही. सध्या लवकर झालेल्यांना मी फक्त उत्तर देते आणि त्यावरून उदाहरण तयार करायला सांगते.