आधी टीएसआर, मग रीस्टार्ट: आयड्रॅकवरून लॉग काढण्याचा माझा अनुभव

सर्व्हरचा निळा दिवा नारिंगी झाला की हात आधी रीस्टार्टकडे जातो. मी तो आवरतो. आयड्रॅक म्हणजे डेल सर्व्हरमधला, ओएसपासून वेगळा चालणारा, दुरून सर्व्हर सांभाळायचा छोटा कंट्रोलर. त्याचं एंटरप्राइझ लायसन्स असेल तर तो बूटचा व्हिडिओ ठेवतो, पण शेवटच्या तीनच बूटचा. चार वेळा रीस्टार्ट केलं की ज्या बूटमध्ये बिघाड दिसला असता, तोच गेला. म्हणून आधी टेक सपोर्ट रिपोर्ट, म्हणजे टीएसआर: सपोर्टला पाठवायची, सर्व्हरचे लॉग आणि माहिती एकत्र बांधलेली झिप फाइल. पुढचं सगळं डेल पॉवरएज आणि आयड्रॅक ९ धरून लिहितोय.

आयड्रॅकचा पत्ता कोणी बदललाच नसेल तर तो १९२.१६८.०.१२० असतो आणि युजर रूट. जुन्या मशीनवर पासवर्ड कॅल्व्हिन असायचा. नव्यावर तो बहुधा पुढच्या बाजूला सरकवून बाहेर काढायच्या पट्टीवर छापलेला असतो, सर्व्हिस टॅग, म्हणजे सर्व्हरचा ओळख क्रमांक, तोही तिथेच. आयड्रॅकच्या पोर्टची केबलच लागलेली नसेल, पण ओएस चालू असेल आणि पास-थ्रू (ओएस आणि आयड्रॅकमधला आतला दुवा) सुरू केलेलं असेल, तर त्याच ओएसच्या ब्राउझरमधून १६९.२५४.१.१ उघडून पाहा. डेटा सेंटरची फेरी वाचते.

आत गेल्यावर मी आधी घड्याळ बघतो. आयड्रॅक यूटीसीवर आणि ओएस भारतीय वेळेवर असेल तर दोन्ही लॉगमध्ये साडेपाच तासांचा फरक पडतो. ताळमेळ लावताना माणूस भलतीच ओळ धरून बसतो. लॉग गोळा करण्याआधी वेळ बदलू नका, फरक फक्त टिपून ठेवा.

मग मेंटेनन्स, सपोर्टअसिस्ट, स्टार्ट अ कलेक्शन. नोंदणीची खिडकी आली तर ती रद्द करून पुढे जाता येतं. सिस्टिम इन्फर्मेशन आणि स्टोरेज लॉग्ज यांवर टिक हवीच. डिस्क किंवा त्या सांभाळणाऱ्या पर्क कंट्रोलरची तक्रार असताना स्टोरेज लॉग विसरलात, तर सपोर्टवाला तोच पुन्हा मागणार. ओएस अँड अ‍ॅप्लिकेशन डेटा मात्र आयड्रॅक सर्व्हिस मॉड्यूल हे सॉफ्टवेअर ओएसमध्ये चालू असेल तरच मिळतो. डीबग लॉग्ज कोणी मागितले तरच घ्या. शेवटी सेव्ह लोकली निवडायचं, अटींवर टिक करायची, कलेक्ट दाबायचं. हे चालू सर्व्हरवर होतं, रीस्टार्ट लागत नाही. सर्व्हर बंद असला तरी आयड्रॅक स्टँडबाय विजेवर जागा असतो, पण तेव्हा कंट्रोलरला वीज नसल्यामुळे त्याचे लॉग मिळत नाहीत.

कलेक्शन अडकलं तर आधी जॉब क्यू, म्हणजे आयड्रॅकच्या कामांची रांग, बघा. कोणी लावून ठेवलेलं फर्मवेअर अपडेट तिथे रांगेत बसलेलं सापडतं. लाइफसायकल कंट्रोलर (आयड्रॅकसोबतचा, अपडेट आणि नोंदी सांभाळणारा भाग) बंद असेल तरीही कलेक्शन होत नाही. पानच उघडत नसेल तर एसएसएचवरून रॅकॅडम या आयड्रॅकच्या कमांड-लाइन साधनाची रॅकरीसेट कमांड, आणि तेही जमत नसेल तर पुढच्या पॅनलवरचं आय बटण १६ सेकंद दाबून धरा. रीसेट होतो तो आयड्रॅक, सर्व्हरवरचं काम चालू राहतं. तो परत उभा राहायला काही मिनिटं घेतो, तेवढा धीर धरा. एकाच वेळी बरेच सर्व्हर असतील तर स्वतःच्या मशीनवरून रिमोट रॅकॅडमची टेकसपरिपोर्ट कमांड बरी: आधी कलेक्ट, जॉब पूर्ण झाला की एक्सपोर्ट.

फाइलच्या नावात टीएसआर, तारीख आणि सर्व्हिस टॅग असतो. झिपमध्ये आणखी एक झिप असते. दोन्ही नीट एक्स्ट्रॅक्ट करून व्ह्यूअरची एचटीएमएल फाइल उघडायची. विंडोजमध्ये झिपच्या आतूनच तिच्यावर क्लिक केलं तर रिपोर्ट धड उघडत नाही, आणि लोक टीएसआर खराब आहे म्हणून दुसरा काढतात. सपोर्टकडे नोंदवलेल्या तक्रारीला, म्हणजे केसला, जोडायची ती मात्र मूळ झिप, जशीच्या तशी.

पाठवण्याआधी मी लाइफसायकल लॉग चाळतो. तिथे एमईएम०७०१ हा कोड दिसला आणि पुढे ए१ लिहिलेलं असलं, तर ए१ स्लॉटमध्ये दुरुस्त होणाऱ्या मेमरी एररचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलंय. आता सर्व्हर बंद करून ए१ आणि बी१ मधल्या डिम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या, अदलाबदल करायला हरकत नाही. एरर बी१ वर गेली तर डिम बदला. ए१ वरच राहिली तर संशय स्लॉटवर किंवा प्रोसेसरवर. या चाचणीनंतर दुसरा टीएसआर काढायचा आणि दोन्ही एकत्र पाठवायचे.

दिवा विझवण्यासाठी सिस्टिम इव्हेंट लॉग क्लिअर करणारे भेटतात. लाइफसायकल लॉग वेगळा असल्यामुळे तो तेवढ्याने जात नाही, पण क्लिअरचं बटण केस बंद झाल्यावरच दाबा.