साबणाची दुसरी खेप

घरी साबण करणाऱ्या कुणाच्याही कपाटात एक डबा असतोच, न जमलेल्या वड्यांचा. एखादीला तडे गेलेले, एखादीवर पांढरी पावडर धरलेली, एखादी दिसायला झकास पण वास पार उडालेला, आणि कापताना निघालेल्या कडा-कोपरे तर ढीगभर. टाकवत नाहीत कारण चांगलं तेल ओतलेलं असतं, वर महिनाभर वाट बघितलेली असते, आणि कुणाला द्यायच्या म्हटलं तर लाज वाटते. या डब्यावरचा उपाय म्हणजे रिबॅच. साबण किसायचा, थोडं पाणी किंवा दूध घालून मंद आचेवर मऊ करायचा, स्वयंपाकघरातलं जे काय घालायचंय ते घालायचं आणि परत साच्यात दाबायचा, बास. खरं सांगू का, मला नव्याने साबण करण्यापेक्षा हेच जास्त आवडतं, आणि त्याचं कारण आळस नाहीये. म्हणजे थोडा आहे.

पहिल्या खेपेत सगळा दरारा कॉस्टिक सोड्याचा असतो. गॉगल घाला, हातमोजे घाला, खिडकी उघडा, सोडा पाण्यात घाला, चुकूनही पाणी सोड्यात नको, आणि वजन तर ग्रॅमच्या काट्यावरच. साबण म्हणजे तेल आणि क्षार (इथे तो हाच सोडा) यांची रिअ‍ॅक्शन, त्यातून साबण होतो आणि सोबत ग्लिसरीन सुटतं. तेलाच्या पोटात नेमकं काय असतं आणि हे कसं घडतं ते शेव्हरल नावाच्या फ्रेंच केमिस्टने शोधून काढलं, 1823 मध्ये त्याचं त्यावरचं पुस्तक आलं (आणि गडी पुढे शंभरी ओलांडून जगला, साबणाचा काही संबंध असेल असं मी म्हणत नाही). त्याच्या आधी हजारो वर्षं लोक राख आणि चरबी उकळून साबण करतच होते, फक्त भांड्यात काय चाललंय ते कुणालाच माहीत नव्हतं.

तर मुद्दा असा की हा सोडा एक-दोन दिवसांत जवळजवळ सगळा तेलात खर्ची पडतो. आणि पहिल्या खेपेत तुम्ही हौसेने घातलेलं दूध, मध, फुलं, सगळ्यांना आधी या कडक सोड्याच्या तोंडी जावं लागतं. दुधातली साखर करपून केशरी-तपकिरी होते आणि वर दुधाला अमोनियासारखा उग्र वास मारतो तो वेगळाच. रिबॅचमध्ये ती हाणामारी आधीच उरकलेली असते, आपण नंतर निवांत पोचतो, म्हणून त्याच दुधाला इथे बरे दिवस येतात. नाजूक वासाचं तेल असेल तर तेही शेवटी, आचेवरून उतरवल्यावर घातलं की बऱ्यापैकी टिकतं.

किसणं हे काम मात्र दिसतं तितकं सोपं नाही. दोन-तीन आठवड्यांचा साबण असेल तर त्यात पाणी भरपूर असतं, किसणीवर मऊ लांब सळ्या निघतात, हाताला जरा चिकटतात, आणि आचेवर लगेच विरघळायला तयार. वर्षभर डब्यात पडलेला असेल तर तो किसत नाही, त्याचा भुगा होतो, तो भुगा हवेत उडतो आणि मग सलग शिंका. नाकाला फडकं बांधून किसलं तर घरातले हसतात, पण हसू द्यावं. मी जाड भोकांची किसणी वापरते आणि ती किसणी मग साबणाचीच, परत जेवणाकडे नाही. बारीक किसला की लवकर आणि एकजीव विरघळतो, जाडाभरडा राहिला की वडीत शेवटपर्यंत पांढरे ठिपके दिसतात. ते मला आवडतात, पण माझ्या आवडीचं काही खरं नाही.

पाणी किती घालायचं यावर सगळी मदार. ताज्या साबणाच्या अर्धा किलो किसाला साधारण 60 ते 100 मिली पुरतं, जुन्याला जास्त लागतं. पहिल्या दहा मिनिटांत काहीच होत नाही, किस तसाच कोरडा पडलेला दिसतो, आणि इथेच हात सुटतो, अजून एक वाटी ओतावीशी वाटते. ओतायची नाही! जेवढं पाणी जास्त तेवढी वडी नंतर आक्रसणार, वाकडी होणार आणि वाळायला महिने घेणार. भांडं स्टीलचं घ्यायचं, अ‍ॅल्युमिनियमला क्षार खातो. ते गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवायचं, झाकण लावायचं आणि अधूनमधून फक्त तळातून उलटवायचं, फेटायचं नाही, फेटलं की फेसच फेस. हळूहळू कडा पारदर्शक होतात, मग किसाचे तुकडे एकमेकांना धरायला लागतात, मग सगळं मिळून उकडून कुस्करलेल्या बटाट्यासारखं होतं. त्याच्यापुढे पातळ होत नाही. मेणासारखा वितळून ओतता येईल या आशेवर बरेच जण आच वाढवत बसतात आणि तळ लावून घेतात. साबण असा सरळ वितळणाऱ्यातला नाहीच, ओतायचे जे तयार बेस मिळतात त्यात त्यासाठी मुद्दाम वेगळी द्रव्यं घातलेली असतात.

आता खरी मजा, म्हणजे डबे उघडणं. सुरुवात सगळे हळदीनेच करतात, छान पिवळी वडी होईल म्हणून. चमचाभर हळद त्या गरम लगद्यात पडते आणि डोळ्यासमोर लाल व्हायला लागते, आधी विटकरी रेघा, मग ढवळू तसा सगळा गोळा तांबूस. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो ना, तेच. हळदीतलं कर्क्युमिन क्षारात रंग बदलतं आणि साबणाचा पीएच (आम्ल-क्षार मोजायचं माप) 9-10 च्या आसपास, म्हणजे क्षाराकडे, त्यामुळे पिवळ्याधमक वडीचा नाद सोडायचा. चिमूटभरच घातली तर पिकल्या पीचसारखा सुरेख रंग येतो, तो मात्र उन्हात ठेवला की उडतो. जास्त घातली तर टॉवेलच्या मालकाशी आधी बोलून घ्या.

लिंबाची गोष्ट याहून वाईट. लिंबू म्हणजे ताजेपणा, चमक, असलं सगळं डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून लोक अख्खं लिंबू पिळतात. पण साबण म्हणजे क्षार आणि लिंबू म्हणजे आम्ल, दोघं भेटले की आम्ल साबणाला फोडतं, त्याची परत तेलातली आम्लं, म्हणजे फॅटी अ‍ॅसिड होतात आणि लगदा दह्यासारखा फुटका, तेलकट होतो. एवढं करून वडी आम्लधर्मी होते का, तर मुळीच नाही, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. रसातलं क जीवनसत्त्व वगैरे विसराच. साल वाळवून बारीक करून घातली तर दिसायला छान, एवढंच. मिठाचंही तसंच, पातेल्यात मीठ पडलं की साबण पाण्यापासून वेगळा व्हायला बघतो. कारखान्यात ग्लिसरीन बाजूला काढायला हीच युक्ती वापरतात, आपल्याला तर ते ग्लिसरीन वडीतच हवं असतं.

काकडी, पपई, केळं असला ताजा गर घालणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. थोडासा, एकदम बारीक वाटून, पाण्याच्या ऐवजी घातला तर खपून जातो. पण फोडी दिसायला हव्यात म्हणून तुकडे ठेवले की ते आतल्या आत काळे पडतात, त्या वडीला कधी तरी बुरशीही धरते, आणि हे सगळं नैसर्गिक आहे असं म्हणून तिचं कौतुक करता येत नाही. फुलांच्या पाकळ्यांचं तर विचारूच नका, गुलाब, लॅव्हेंडर सगळे तपकिरी होतात आणि उंदराने काहीतरी ठेवून गेल्यासारखी वडी दिसते. एक कॅलेंड्युला (झेंडूसारखं दिसणारं फूल) तेवढी आपला पिवळा-केशरी रंग सोडत नाही. दालचिनी आणि लवंग वासाला छान पण कातडीला झोंबतात, बऱ्याच जणांना लाल चट्टे येतात, म्हणून मी त्या चहातच ठेवते.

मग उरलं काय? उरतात ते एकदम साधे लोक. ओट्स दळून अर्धा किलोला मोठा चमचाभर, लगदा मऊ आणि मलईदार लागतो. वापरलेली कॉफी पूर्ण वाळवून, हात घासायला हिच्यासारखी खरखर नाही, कांदा-लसणाचा वास घालवायला म्हणून तिची वडी सिंकपाशी ठेवतात (फक्त चेहऱ्याला नको). छोटा चमचा मध, कोमट दुधात विरघळवून घेतलेला, त्यातल्या साखरेने फेस खरंच वाढतो. साधी साखरही तेच काम करते, पण साखरेचा साबण म्हटलं की कोण घेणार, मधाचं नाव लावलं की सगळे वास घेऊन बघतात. मध जास्त झाला की वडी चिकट होते आणि दमट हवेत घामेजते.

या घटकांनी त्वचेचं काय भलं होतं असं विचारलं तर माझं उत्तर फार उत्साहाचं नसतं. साबण अंगावर असतो जेमतेम मिनिटभर, मग पाण्याबरोबर जातो, तेवढ्यात हळद काय करणार आणि मध काय करणार. वडी अंगाला चांगली की वाईट हे मुळात कुठली तेलं घेतली आणि थोडं तेल साबण न होता शिल्लक ठेवलं का यावर ठरतं, आणि ते सगळं पहिल्याच खेपेला ठरून गेलेलं असतं. खोबरेल तेल जास्त असेल तर फेस भरपूर पण कातडी ओढल्यासारखी, ऑलिव्ह जास्त असेल तर मऊ पण फेस जरा चिकट. दुसऱ्या खेपेत आपण हात लावतो तो स्पर्शाला, रंगाला, थोडा वासाला, आणि मला तेवढं पुरतं.

साच्यात भरताना मात्र जीव काढायचा, कारण लगदा थंड व्हायला लागला की हट्टाला पेटतो. चमच्याने दाबायचं, साचा ओट्यावर दणादण आपटायचा, आतली हवा निघेपर्यंत. तरी पोकळ्या राहतातच, वरची बाजू खडबडीत होतेच, गुळगुळीत तजेलदार वडी हवी असेल तर हा छंद तुमचा नाही. एक-दोन दिवसांनी काढायची, कापायची आणि चार आठवडे तरी जाळीवर वाळू द्यायची. सोडा आधीच संपलाय मग थांबायचं कशाला असं वाटतं, पण घातलेलं पाणी उडून जायला वेळ लागतोच, नाहीतर दोन आंघोळीत वडी संपते.

आणि डब्यातलं सगळंच काही वाचत नाही. सोडा जास्त झालेला असेल, वडी पांढरी-ठिसूळ आणि जिभेचं टोक लावल्यावर झटका देणारी, तर किसून थोडं तेल घालून शिजवलं की ती बऱ्याचदा सुधारते, हातमोजे घालून. पण नारिंगी डाग पडून खवट वास सुटला असेल तर तेलच बिघडलंय, त्याच्यावर दूध ओता, मध ओता, अख्खी कॉफीची बरणी रिकामी करा, पंधरा दिवसांत खवटपणा परत वर येतो आणि शिवाय चांगले घटक वाया. असला किस मी वेगळ्या बरणीत भरून ठेवते, फरशी पुसायच्या बादलीत मूठभर पडला की त्याचं काम तो नीट करतो, आणि फरशीचा वास घ्यायला कुणी वाकत नाही.